जिवंत लस आणि मृत लस : एका निवडीचा इतिहास



या शाळेच्या दिवंगत शिक्षकांच्या स्मृतीला वाहिलेल्या व्याख्यानाचा मान मला दिल्याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. अशा व्याख्यानांतून आपण बहुधा संतांचे, देशभक्तांचे किंवा साहित्यिकांचे स्मरण करतो. मी आज लशींचा इतिहास सांगणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ज्या प्रश्नामुळे मी हा विषय निवडला, तो प्रश्न आपल्या घराघरांतला आहे.

दीड महिन्याचे बालक लसीकरणासाठी नेले, की त्याच्या तोंडात पोलिओचे दोन थेंब घालतात, आणि त्याच दिवशी दंडात पोलिओचीच सुई टोचतात. बाळाची आई किंवा आजी विचारते, ‘एकाच रोगाला दोन लशी कशाला? पहिलीवर भरवसा नाही म्हणून दुसरी देता की काय?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो अत्यंत रास्त आहे. थेंबांतला विषाणू जिवंत असतो आणि सुईतला मृत असतो, हे त्याचे एका वाक्यातले उत्तर झाले. पण जिवंत का, मृत का, आणि दोन्ही का, हे समजून घ्यायचे तर दोनशे वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. त्या इतिहासातली काही महत्त्वाची पाने मुंबईत लिहिली गेली आहेत, ही आपणा मराठी भाषकांच्या विशेष आस्थेची बाब आहे.

टीका आणि लस

प्रथम शब्दांचा विचार करू. आपला हा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. ते राज्य खालसा झाल्यानंतर १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि आपण छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. राज्यकारभाराची भाषा हिंदी आणि चुलीपाशी बोलायची भाषा मराठी, अशी आपली दुहेरी स्थिती आहे. त्यामुळे सरकारी कार्डावर ‘टीकाकरण’ असते आणि घरी आपण ‘लस टोचून आणली’ म्हणतो.

मराठीत टीका म्हणजे दोषदिग्दर्शन. हिंदीत टीका म्हणजे कपाळावरचा किंवा अंगावरचा ठिपका. देवीची लस येण्यापूर्वीही बंगालकडे खऱ्या देवीचाच पू टोचणारे लोक होते व त्यांना टीकादार म्हणत. हिंदी शब्दाने अंगावर उमटणारी खूण ध्यानात ठेवली. मराठी ‘लस’ या शब्दाचा मूळ अर्थ फोडातून किंवा जखमेतून स्रवणारे पाणी असा आहे. मराठीने टोचल्या जाणाऱ्या द्रव्याचे नाव घेतले. दोन्ही शब्द आपापल्या जागी चांगले आहेत. मात्र त्या द्रव्यात काय आहे, ते जिवंत आहे की मृत, हे दोन्ही सांगत नाहीत. ते सांगण्याचे काम माणसांनीच करावयाचे आहे.

दंडावरून दंडावर आलेली लस

१४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या फोडातील लस जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचली. गोदेवी हा माणसाच्या देवीचा सौम्य असा भाऊबंद रोग. तो एकदा होऊन गेला की खरी देवी अंगाला लागत नाही, हे जेन्नरने दाखवून दिले. प्रयोगशाळेत कोणी तो विषाणू क्षीण केला नव्हता. निसर्गतःच तो माणसाला सौम्य होता. पण तो जिवंत होता, आणि जिवंत होता म्हणूनच उपयोगी होता.

जिवंत वस्तू पाठवायची म्हणजे ती वाटेत मरू द्यायची नाही. युरोपातून निघालेली लस उन्हाने वाटेतच निकामी होई. अखेर बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने ती मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वीपणे लस टोचली गेलेली ही पहिली व्यक्ती. तिच्या दंडावरील फोडातून इतर मुलांना, त्यांच्या दंडांवरून आणखी मुलांना, अशी लस देशात पसरली. मुलांच्या अंगांची साखळी हीच त्या काळची शीतपेटी होती.

‘देवी काढणे’ हा वाक्प्रचार मराठीत रुळला तो या लशीमुळे. बालपणी दंडावर पडलेला वण जन्मभर राही आणि संरक्षण अनेक वर्षे टिके. ‘एकदा टोचले की काम झाले’ ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजली ती येथूनच. पुढच्या काळात ज्या लशी दोनदा-तीनदा घ्याव्या लागल्या, त्यांच्या नंतरच्या मात्रा चुकवण्याकडे लोकांचा जो कल दिसला, त्याचे एक मूळ या जुन्या अनुभवात असावे असे मला वाटते. देवीचे उच्चाटन झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य परिषदेने ८ मे १९८० रोजी केली. एका जिवंत लशीने मिळवलेला तो विजय होता.

पाश्चरची वाट आणि दुसरी वाट

निसर्गाने प्रत्येक रोगाला सौम्य भाऊबंद दिलेला नाही. मग उग्र जंतूलाच सौम्य करता येईल काय? हा प्रश्न लुई पाश्चरने सोडवला. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू दीर्घकाळ तसेच ठेवले असता त्यांची मारकशक्ती ओसरते, पण ते टोचलेल्या कोंबड्या पुढे उग्र जंतूंनाही दाद देत नाहीत, असे त्याला १८८० च्या सुमारास आढळले. १८८१ साली त्याने मेंढ्यांवर फाशी रोगाच्या लशीचा जाहीर प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला.

जंतू क्षीण करण्याची पुढे सर्वांत जास्त चाललेली पद्धत म्हणजे त्याला परक्या अन्नावर वाढवणे. क्षयाच्या लशीचे उदाहरण घ्या. काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईच्या क्षयाचा जंतू पित्त व ग्लिसरीन घातलेल्या बटाट्यावर वाढवला, एका बटाट्यावरून दुसऱ्या बटाट्यावर उचलत नेला, आणि तेरा वर्षांत असे सुमारे २३० वेळा केले. परक्या अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला जंतू मूळ घरी परत आला, की तेथे पूर्वीसारखे बस्तान त्याला बसवता येत नाही. तो शरीरात थोडा वाढतो, शरीराला स्वतःची ओळख पटवतो, आणि बहुधा निमूटपणे नाहीसा होतो. १९२१ साली ही बीसीजी लस प्रथम एका बालकाला देण्यात आली. आजही आपल्या बालकांच्या डाव्या दंडावर जो बारीक वण पडतो, तो हिचाच.

दुसरी वाट अमेरिकेत सापडली. डॅनियल सॅमन आणि थिओबाल्ड स्मिथ यांनी १८८६ साली दाखवले, की उष्णतेने पुरते मारलेले जंतू टोचले तरीही पक्ष्यांमध्ये प्रतिकारशक्ती निर्माण होते. म्हणजे जंतूचे प्राण आवश्यक नव्हते. त्याचा आकार, त्याच्या अंगावरची खूण पुरेशी होती. घरफोड्या जिवंत समोर आला तर पहारेकरी त्याला कायमचा ओळखतोच. पण नुसते चित्र दाखवूनही ओळख पटवता येते. फरक इतकाच, की चित्र पुन्हा पुन्हा दाखवावे लागते.

या दोन वाटांमधील भेद थोडक्यात असा आहे. जिवंत लशीतील जंतू शरीरात स्वतः वाढतो. म्हणून मात्रा अल्प पुरते आणि खऱ्या रोगासारखीच सर्वांगीण प्रतिकारशक्ती येते. रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, शिवाय रोगग्रस्त पेशींचा नाश करणाऱ्या पेशीही सज्ज होतात, आणि ती स्मृती दीर्घकाळ टिकते. पण जो वाढू शकतो तो क्वचित उलटूही शकतो. म्हणून गर्भवती स्त्रियांना आणि ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे अशांना जिवंत लशी सहसा देत नाहीत. मृत लशीतील जंतू वाढत नाही. त्यामुळे त्याच्यापासून तो रोग होणे शक्य नसते. मात्र तो जेवढा टोचला तेवढाच राहतो. म्हणून मात्रा अधिक लागते, ती अनेकदा द्यावी लागते, आणि पुष्कळ वेळा तुरटीच्या जातीचे ॲल्युमिनियमचे क्षार घालून तिचा परिणाम वाढवावा लागतो. गोवर, बीसीजी आणि पोलिओचे थेंब पहिल्या वर्गातले. पोलिओची सुई, कुत्रा चावल्यावरची सुई आणि डांग्या खोकल्याची जुनी लस दुसऱ्या वर्गातली. धनुर्वात आणि घटसर्प यांच्या लशींत तर जंतूही नसतो. त्याचे निर्विष केलेले विष तेवढे असते.

हाफकिन : दोन्ही वाटा चाललेला माणूस

या दोन्ही वाटा एकाच माणसाने, आपल्याच देशात, चार वर्षांच्या अंतराने चालून पाहिल्या. वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि जुलै १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ साली ते कलकत्त्यास आले. ही लस जिवंत जंतूंची होती. पहिल्या वेळी क्षीण केलेले जंतू आणि काही दिवसांनी, शरीर थोडे सावध झाल्यावर, गिनिपिगच्या अंगातून नेऊन उग्र केलेले जंतू असे दोनदा टोचावे लागे. आग्र्यापासून आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत हिंडून त्यांनी सुमारे अडीच वर्षांत ४०,००० हून अधिक लोकांना ही लस दिली. कोणावरही सक्ती केली नाही. पण जिवंत जंतू सतत जोपासावे लागत. लाखोंना पुरेल असे हे काम नव्हते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. तेव्हाच्या मराठी वृत्तपत्रांनी ज्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले तो हा रोग. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्याशा जागेत कामाला लागले. या वेळी त्यांनी दुसरी वाट धरली. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की त्यांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत्या झुपक्यांसारखे वाढत. ते वरचेवर हलवून खाली पाडायचे, पुन्हा वाढू द्यायचे, आणि भरपूर पीक आले की सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सियस उष्णतेवर तासभर तापवून सर्व मारायचे, अशी ती रीत होती. घरोघरीचे तूप विज्ञानाच्या इतक्या मोठ्या कामी आल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. मारलेले जंतू बाटलीत भरता येत, साठवता येत, दूर पाठवता येत. लस गावोगावी जाण्याचा मार्ग मोकळा झाला.

त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले पुण्यात त्याच रोगाने गेल्या. त्याच वर्षी २२ जूनला, घरझडत्यांच्या जुलमाने पेटलेल्या पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. रोग तोच, वर्ष तेच. पण एकीकडे घरात शिरणारे सोल्जर होते आणि दुसरीकडे स्वतःच्या अंगावर प्रथम प्रयोग करून ‘घ्यावीशी वाटली तर घ्या’ म्हणणारा शास्त्रज्ञ होता. प्लेग पुढे आपल्याकडेही आला. १९०२ च्या सुमारास नागपुरात त्याने अनेक कुटुंबे उद्ध्वस्त केली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली आलेल्या प्लेग प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. आजची हाफकिन संस्था ती हीच.

तीन दुर्घटना

मृत लस निर्धोक, असे म्हणून येथे थांबता आले असते. पण इतिहास तसे करू देत नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक केला नव्हता, ही गोष्ट पुढे आली. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू मांडली, आणि १९०७ साली ते आरोपमुक्त झाले. लशीतील प्लेगचे जंतू मेलेलेच होते. घात केला तो बाटलीत बाहेरून शिरलेल्या धनुर्वाताने.

दुसरी दुर्घटना जर्मनीतील ल्युबेक येथली, १९३० ची. तेथे बालकांना दिलेल्या बीसीजी लशीत प्रयोगशाळेतच क्षयाचे उग्र जंतू मिसळले गेले आणि सत्तरहून अधिक बालके दगावली. लशीचा स्वतःचा जंतू उलटला नव्हता. पण जिवंत जंतू हाताळणाऱ्या जागेत उग्र आणि सौम्य एकत्र नांदू दिले तर काय होते, ते दिसले.

तिसरी अमेरिकेतील, १९५५ ची. जोनास साल्क यांनी फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूंची पोलिओ लस सिद्ध केली. १२ एप्रिल १९५५ रोजी ती यशस्वी झाल्याचे जाहीर झाले. त्या महिन्यातच कटर या कंपनीच्या काही बाटल्यांतील विषाणू पुरता मेलेला नसल्याचे आढळले. गुठळ्यांच्या आत दडलेले विषाणू फॉर्मॅलिनपासून बचावले होते. सुमारे दोनशे जणांना पक्षाघात झाला आणि दहा जण दगावले.

या तिन्ही घटना मी भीती घालण्यासाठी सांगितलेल्या नाहीत. आज लशीच्या प्रत्येक गटाची जी कसून तपासणी होते, तिचे नियम अशाच दुःखांतून घडले आहेत. जिवंत लशीत चिंता असते ती जंतूच्या जिवंतपणाची. मृत लशीत असते ती अपुऱ्या मरणाची. आणि दोन्हींत समान असते ती हाताळणाऱ्या हातांची.

पोलिओ : दोन्ही लशी का?

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. साल्क यांच्या मृत लशीनंतर काही वर्षांतच आल्बर्ट साबिन यांची क्षीण विषाणूंची, तोंडाने द्यायची लस आली. पोलिओचा विषाणू मलावाटे बाहेर पडतो आणि पाण्या-अन्नावाटे तोंडातून आत जातो. थेंबांतला जिवंत विषाणू आतड्यातच वाढतो, म्हणून आतड्याच्या दारावरच पहारा बसतो व खऱ्या विषाणूचा प्रसार थांबतो. सुईने दिलेली मृत लस रक्तात प्रतिपिंडे निर्माण करून मुलाला पांगळेपणापासून वाचवते. पण आतड्यातील पहारा तिने तितका कडक होत नाही. त्यात थेंब स्वस्त होते, आणि ते घालायला सुई लागत नव्हती. ज्या देशात कोट्यवधी मुलांना एकाच दिवशी लस द्यायची, त्याने थेंब निवडले यात आश्चर्य नाही.

भारतात डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम देशभर सुरू झाली. शाळांच्या ओट्यांवर, बसस्थानकांवर, रेल्वे फलाटांवर थेंब घालण्यात आले व करंगळीच्या नखावर शाईची खूण करण्यात आली. तरीही २००९ साली देशात ७४१ रुग्ण सापडले. उत्तरेच्या दाट वस्तीत मुलांच्या आतड्यांत इतर जंतूंची इतकी गर्दी होती, की एकेका मुलाला अनेक मात्रा द्याव्या लागल्या. २०१० साली रुग्ण ४२ वर आले. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालातील हावड्याचा. २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

परंतु या विजयातच जिवंत लशीची दुसरी बाजू उघड झाली. थेंबांतला क्षीण विषाणू अत्यंत क्वचित, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे सुमारे २७ लाख मात्रांमागे एकदा, पांगळेपणा आणू शकतो. आणि जेथे पुष्कळ मुले लशीवाचून राहतात तेथे तो एकाकडून दुसऱ्याकडे जात जात पुन्हा उग्र होऊ शकतो. देशात पोलिओ बोकाळलेला असताना हा धोका नगण्य होता. पोलिओ गेल्यावर हिशेब पालटला. दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक पोलिओ विषाणू तर १९९९ नंतर जगात कोठेच आढळला नव्हता. म्हणून २५ एप्रिल २०१६ रोजी भारताने तीन प्रकारच्या विषाणूंचे थेंब थांबवून दोन प्रकारांचे सुरू केले, आणि त्याआधी, ३० नोव्हेंबर २०१५ पासून, मृत विषाणूंची सुई कार्यक्रमात आणली. ती दुसऱ्या प्रकारापासूनही रक्षण करते आणि थेंबांचा तो क्वचित धोकाही कमी करते.

हेच आजीला द्यावयाचे उत्तर. थेंब गावाला राखतात, सुई मुलाला राखते. पहिलीवर अविश्वास म्हणून दुसरी आलेली नाही. पहिलीने आपले काम इतके चोख केले, की दुसरीची वेळ आली.

एकाच पेटीतील दोन स्वभाव

बर्फाच्या लाद्या भरलेली निळी पेटी खांद्याला लावून आरोग्यसेविका सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्यांत जाताना आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या पेटीत परस्परविरुद्ध स्वभावाच्या वस्तू असतात. पोलिओचे थेंब उष्णतेने लवकर निकामी होतात, म्हणून मोठ्या साठवणघरात ते गोठवून ठेवतात. उलट, ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या धनुर्वात-घटसर्पाच्या लशी आणि पोलिओची मृत लस गोठल्या की वाया जातात. बीसीजी व गोवराची कोरडी लस पाण्यात मिसळल्यावर चार तासांत वापरावी लागते. उरली तर टाकून द्यावी लागते. वैशाखातल्या उन्हात, वीज नसलेल्या दुपारी, हे सर्व सांभाळणाऱ्या त्या सेविकेच्या ज्ञानाची आपण क्वचितच कदर करतो. बाटलीवरील चौकटीचा रंग पाहून ती लस द्यायची की टाकायची हे ठरवते.

गोठ्यातील साक्ष

आपण शेतकरी माणसे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणाऱ्या गोटमारीने पांढुर्ण्याचे नाव दूरवर गेले आहे. पण पोळ्याचा खरा मान बैलाचा. हा दोन लशींचा भेद आपल्या गोठ्यातही स्पष्ट दिसतो.

बुळकांडी या रोगाने एके काळी देशातील गोठेच्या गोठे रिकामे केले. मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत १९२० नंतरच्या दशकात हा विषाणू शेळ्यांच्या अंगातून नेत नेत सौम्य करण्यात आला, आणि त्या जिवंत लशीच्या एकाच मात्रेने जनावर दीर्घकाळ सुरक्षित होऊ लागले. १९५४ पासून देशव्यापी मोहीम झाली, पुढे अधिक सौम्य लशी आल्या, आणि २०११ साली बुळकांडी साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून हटवलेला हा दुसरा रोग. लाळ-खुरकुताची लस मात्र मृत विषाणूंची आहे. त्या रोगाचे प्रकार अनेक, आणि मृत लशीची स्मृती अल्प. म्हणून ती वर्षातून दोनदा टोचावी लागते. ‘बुळकांडीला एकदा टोचले ते पुरले, मग खुरकुताला दर सहा महिन्यांनी कशाला?’ असे विचारणाऱ्या शेतकऱ्याला उत्तर मिळाले नाही, तर तो दुसऱ्या खेपेस जनावर रानातच ठेवील. उत्तर मिळाले तर तो स्वतः दावे सोडून जनावर घेऊन येईल.

समारोप

श्रोतेहो, या इतिहासातून मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. जिवंत आणि मृत यांपैकी कोणती लस श्रेष्ठ, असा निकाल दोनशे वर्षांत लागलेला नाही आणि लागण्याचे कारणही नाही. देवी आणि बुळकांडी जिवंत लशींनी गेल्या. प्लेगशी हाफकिन मृत लशीने झुंजले. पोलिओला दोन्ही लागल्या. रोग कोणता, तो किती पसरला आहे, देण्याची साधने कोणती, घेणाऱ्याची प्रकृती कशी, यांचा हिशेब करून प्रत्येक वेळी निवड करावी लागते, आणि परिस्थिती पालटली की निवडही पालटावी लागते. निवड पालटली म्हणजे आधीचे खोटे होते असा अर्थ होत नाही.

२०२१ च्या जानेवारीत करोनाची लस आली तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळ्या केलेल्या विषाणूपासून केलेली कोव्हॅक्सीन ही मृत विषाणूंची लस होती. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोव्हिशील्ड या दोन्ही वर्गांत बसत नव्हती; तिच्यात न वाढणाऱ्या दुसऱ्याच विषाणूच्या पाठीवर करोनाच्या एका प्रथिनाचा आराखडा पाठवला होता. ‘यात जिवंत करोना आहे काय?’ असे लोक विचारीत. दोन्हींबाबत उत्तर ‘नाही’ असेच होते. पण ते उत्तर प्रत्येक ओट्यापर्यंत, आणि त्या ओट्यावर बोलल्या जाणाऱ्या भाषेत, पोहोचणे आवश्यक होते.

आपल्या या सीमाभागात ही जबाबदारी शाळेइतकी दुसरी कोणतीच संस्था पार पाडू शकत नाही. येथील मुलगा किंवा मुलगी शाळेत हिंदी वाचते आणि घरी आजीशी मराठीत बोलते. कार्डावरचा ‘टीका’ हा शब्द आजीच्या ‘लस’ या शब्दाशी जोडून देणारा दुवा तीच आहे. विद्यार्थी मित्रहो, घरात लहान भावंड असेल तर त्याचे कार्ड काढून पाहा. कोणती लस थेंबांची, कोणती सुईची, कोणती जिवंत, कोणती मृत, पुढची मात्रा कधी, हे आजीला आपल्या भाषेत समजावून सांगा. ती शंका घेईल, घेऊ द्या. हाफकिन यांनी शंका घेणाऱ्यांवर कधी सक्ती केली नाही. त्यांनी आधी आपली बाही वर केली आणि मग समजावून सांगितले. ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो, त्यांनीही जन्मभर दुसरे काय केले?